खिशातली नदी

जॉन कॉन्स्टेबल म्हटलं की लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं ‘द हे वेन’ आठवतं. १८२१ सालचं, सहा फूट रुंदीचं तैलचित्र. त्यापुढे लोक थबकतात, आणि थबकावंच. पण हा चित्रकार खरा भेटतो तो १८१३ आणि १८१४ सालच्या त्याच्या दोन चिमुकल्या स्केचबुकांत.

खिशात मावणाऱ्या वह्या त्या. सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट या आपल्या गावाभोवती, स्टूर नदीच्या काठाने तो हिंडे आणि दिसेल ते पेन्सिलीने टिपून घेई. नांगर, गाई, झाडं, डेडमच्या चर्चचा मनोरा. कधी एकाच पानावर दोन-तीन चित्रं दाटीवाटीने बसलेली. भावी पत्नी मारिया बिकनेल हिला लिहिलेल्या पत्रात त्याने १८१३च्या वहीला आपली छोटी रोजनिशी म्हटलं होतं. शब्द अगदी नेमका आहे.

अशा रेखाटनांना ‘कच्चं काम’ म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. ती सोडायला हवी. पेन्सिलीपाशी रंग नाही. पानांचा हिरवा आणि आभाळाचा निळा तिला वेगळा दाखवता येत नाही. म्हणून उजेड कुठून येतो, सावली कुठे घट्ट होते, हे तिला हाताच्या दाबावरच सांगावं लागतं. जिथे हात दाबला गेला तिथे नजर रेंगाळली. जिथे रेघ विरली तिथे ती पुढे सरकली. तैलचित्रात हा प्रवास रंगाच्या थरांखाली जातो. इथे तो उघडा राहतो.

१८१४च्या वहीतलं एक पान पाहा. फ्लॅटफर्डला त्याच्या वडिलांची गिरणी होती. तिच्याजवळच्या गोदीत बांधली जात असलेली एक होडी त्याने सप्टेंबरात बोटभर कागदावर उतरवली. ‘बोट-बिल्डिंग’ हे गाजलेलं तैलचित्र याच रेखाटनातून आलं. चित्रात हत्यारं आहेत, डांबराचं धुरकट भांडं आहे, उन्हाची दुपार आहे. पण होडीचा तो भरदार, कललेला बाक वहीतल्या पानावरच पक्का झाला होता. पुढे रंगाने त्याला ऊन दिलं, इतकंच.

कॉन्स्टेबलची मुलगी इझाबेल हिने १८८८ साली या वह्या देऊन टाकल्या. आज त्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत, आणि ‘बोट-बिल्डिंग’ही तिथेच आहे. कधी जाणं झालं, तर आधी वहीचं पान पाहा, मग चित्रापुढे उभे राहा.