परतीचं उत्तर

हुकूम सोडणं सोपं असतं. तो पोचला का, कळला का, पाळला गेला का, हे विचारण्याची शिस्त अवघड. आपल्या कचेऱ्यांना ती क्वचितच जमते. स्मृतिचिप लिहिणाऱ्या एका यंत्राला मात्र ती जन्मापासून आहे.

१९७१ साली इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही चिप सिद्ध केली. वीज गेली तरी तिच्यावरचं लिखाण टिकतं. पुसायचं तर तिच्या क्वार्ट्‌झच्या खिडकीतून अतिनील प्रकाश सोडावा लागतो. हे लिखाण करणाऱ्या यंत्राला प्रोग्रामर म्हणतात. डेटा आय/ओ या अमेरिकी कंपनीच्या प्रोग्रामरला दूरचा संगणक केबलमधून एकेका अक्षराचे हुकूम देई. ‘बी’ म्हणजे चिप कोरी आहे का बघ, ‘पी’ म्हणजे लिही, ‘व्ही’ म्हणजे लिहिलेलं मुळाशी ताडून बघ, ‘एस’ म्हणजे आकड्यांची बेरीज सांग.

उत्तरं तीनच. बाणासारखी खूण आली की काम झालं. ‘एफ’ आलं तर हुकूम कळला, पण काम फसलं. प्रश्नचिन्ह आलं तर हुकूमच कळला नाही. फसणं आणि न कळणं यांतला हा भेद मला फार मोलाचा वाटतो. तालुक्याच्या कचेरीत दिलेला अर्ज बारगळतो तेव्हा तो नाकारला गेला की कोणी वाचलाच नाही, हे अर्जदाराला कुठे कळतं?

‘बी’ आधी विचारायचं कारण चिपच्या स्वभावात आहे. कोऱ्या ईप्रॉममध्ये सहसा सगळीकडे १ असतो. लिहिणं म्हणजे हवा तिथे १ चा ० करणं. एकट्या शून्याचा पुन्हा एक होत नाही, त्यासाठी सगळी पाटी पुसावी लागते. ज्याला परतीची वाट नाही, त्याची तपासणी आधीच व्हायला हवी.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डीच्या एखाद्या शाळेतल्या मतदान केंद्रावर सकाळी हीच शिस्त दिसते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मतदान यंत्रात शून्य मतं असल्याचं दाखवतात, किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घेतात, निकाल व्हीव्हीपॅट या जोडयंत्राने छापलेल्या चिठ्ठ्यांशी ताडतात, सगळं पुसतात आणि मगच खरं मतदान सुरू होतं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपन्या ही यंत्रं बनवतात. त्यांतली चिप एकदाच लिहिता येते आणि दुरून हुकूम घेण्याची सोयच यंत्रात नाही, असं निवडणूक आयोग सांगतो.

तरीही बेरीज आणि पडताळा एक नव्हेत. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज बिनचूक येते. म्हणून प्रोग्रामरला ‘एस’ पुरत नाही, ‘व्ही’ लागतो. केंद्रावरच्या १७-सी नमुन्यात पडलेल्या मतांचा एकूण आकडा असतो. कुणाला किती, हे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या सांगतात. २०१९ पासून विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक दार उघडलं. निकालानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने लेखी मागणी केली, तर पाच टक्के यंत्रांतली लिहिलेली स्मृती अभियंत्यांकडून तपासून घेता येते.

पडताळ्याखेरीज दुसरं कोडं अंतराचं. दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. अशा स्थलांतरितांसाठी आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव राजकीय पक्षांपुढे मांडला होता: एकाच केंद्रातून ७२ मतदारसंघांचं मतदान. अनेक विरोधी पक्षांनी हरकती घेतल्या आणि बेत तिथेच अडला. केबल कितीही लांब ओढता येते. केंद्रावरचे प्रतिनिधी, ओळखीचे डोळे आणि तिथल्या तिथे होणारा ताळा तिच्यातून वाहून नेता येत नाहीत. पण म्हणून फडावरच्या माणसाचं मत गावीच अडकून राहावं, हेही न्याय्य नव्हे.

मग प्रश्न उरतो तो उत्तर कुणाकडे परत येतं याचा. प्रोग्रामर ज्याने हुकूम दिला त्यालाच उत्तर देतो. निवडणुकीत हुकूम देणारा मतदार. त्याला मिळणारं उत्तर म्हणजे काचेमागे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. ती ‘ऐकलं’ म्हणते. ‘मोजलं’ म्हणत नाही. मोजल्याचं उत्तर उमेदवार, त्यांचे प्रतिनिधी आणि न्यायालयं यांच्यामार्फत फिरून येतं. तेव्हा यंत्रावर भरवसा ठेवा असं मतदाराला सांगण्याआधी, पडताळ्याच्या या वाटा रुंद ठेवणं हे व्यवस्थेचं काम आहे. भरवसा मागून मिळत नाही. तपासायला दिल्यावर तो आपसूक बसतो. आणि फडावरच्या मजुरासाठी उद्या नवं यंत्र आलंच, तर ते किती दुरून मत घेतं यापेक्षा त्या मताचा पडताळा कुणासमोर देतं, हे आधी विचारायला हवं.