सोयीचे वचन
पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून ईश्वर एकच, हा ख्रिस्ती त्रैक्याचा सिद्धांत. यास शास्त्राधार आहे काय? बायबलात ‘त्रैक्य’ हा शब्द नाही. तिघांच्या नावे बाप्तिस्म्याची आज्ञा मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिघे एकच, असे स्पष्ट सांगणारे वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रात वाचले जाई. ग्रीक हस्तलिखितांत ते न आढळल्याने इरॅस्मसने सन १५१६ मध्ये ते वगळले. टीका होताच १५२२ मध्ये पुन्हा घातले. आज विद्वान ते प्रक्षिप्त मानतात. एवढ्याने सिद्धांत कोसळत नाही; त्याचा निवाडा इतर वचनांच्या अर्थावर होईल. परंतु सत्याच्या रक्षणार्थ असत्य आधार चालेल काय? पोथी कोणत्याही धर्माची असो, सोयीचे वचनही पारखून घेणे हाच तिचा खरा आदर होय.