मामांचा प्रलय आणि सुबाथूचा दगड

हिमालयात समुद्री जीवांचे अवशेष सापडतात म्हटलं की आमच्या मामांची कळी खुलते. "अगं, मग मत्स्यावतारातला प्रलय खराच की!" माझी हयात सूक्ष्म जीवाश्म शिकवण्यात गेली, त्यांची भागवत सांगण्यात. त्यांचं उत्तर मला पटत नाही, पण त्यामागचा प्रश्न खरा आहे. जो काळ कुणीच पाहिला नाही, त्याबद्दल साक्ष कोणाची मानायची?

माझी साक्ष सोलनजवळच्या सुबाथूच्या चुनखडकाची. त्याची चकती काचेला चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत 0.03 मिलिमीटरपर्यंत आणली, की उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली न्युम्युलाइट दिसू लागतात. एकाच पेशीने बांधलेली, कप्प्याकप्प्यांनी गुंडाळत गेलेली ही घरं. काप एका बाजूने गेला तर वेटोळं दिसतं, दुसऱ्या बाजूने गेला तर मसुराचा दाणा. त्यांचे आजचे नातलग अंगात शैवाल बाळगतात, म्हणून त्यांना ऊन पोहोचेल असं उथळ, उबदार पाणी लागतं. शिवाय यांच्या जाती भराभर बदलत गेल्या, त्यामुळे वयही कळतं. 1998मध्ये अशाच उथळ समुद्री जीवांवरून पॅलिओसीन-इओसीन काळाचे 20 पट्टे पाडले गेले. सुबाथूत पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास हिमालय उभा राहण्याआधीच्या टेथिस समुद्राचं उथळ पाणी होतं, हे आम्ही सांगतो ते या जोरावर.

हे झालं अनुमान. न्यायसूत्रांत त्यावर एक झकास आक्षेप आहे. नदी फुगलेली पाहून वर पाऊस झाला म्हणता, पण पुढे कुणी पाणी अडवलं असेल तर? सूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन सांगतात, नुसतं वाढलेलं पाणी पाहू नका. ओढ पाहा, फेस पाहा, वाहून आलेली पानं-लाकडं पाहा. प्रयोगशाळेत आम्ही वेगळं काय करतो? जुन्या खडकातून सुटलेलं न्युम्युलाइट नव्या गाळात जाऊन बसतं, आणि त्याच्यावर भिस्त ठेवली तर वय साफ चुकतं. म्हणून कडा झिजल्यात का, कप्प्यांतला गाळ बाहेरच्या गाळाशी जुळतो का, हे आधी बघायचं.

मामांच्या प्रलयालाही हीच कसोटी. एकाच पुराने सगळं आणून टाकलं असतं तर सगळ्या काळच्या जाती एकत्र कालवलेल्या मिळाल्या असत्या. सुबाथूत त्या थरांच्या क्रमाने बदलतात.

"म्हणजे भागवत खोटं?"

मी नाही म्हटलं, आणि ते त्यांचं मन राखायला नव्हे. पुराणाला गाळाच्या पंचनाम्यावर सही करायला बोलावणारे त्याचा मान वाढवत नाहीत, असं माझं मत आहे.

पण मामाही कच्चे नाहीत. सुबाथूच्या थरांवर डगशईचे लाल खडक येतात. "त्यांत तुझे जीव नाहीत, एवढ्यावरून तिथे समुद्र नव्हता म्हणतेस?" इथे गाठ अनुपलब्धीशी, म्हणजे न दिसण्यावरून नसणं ठरवण्याशी. भाट्ट मीमांसक तिला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालून: वस्तू असती तर दिसलीच असती, असं असायला हवं. चुन्याची कवचं तर गाळात विरघळूनही जातात. म्हणजे जीव असते तरी दिसले नसते. म्हणून मी न दिसलेल्यावर विसंबत नाही. त्या लाल खडकांत चुन्याचे खडे धरलेली जुनी माती दिसते, ती नद्यांच्या मैदानातली.

मामांनी एवढं मान्य केलं. मग लगेच विचारलं, समुद्र हटला आणि नद्या आल्या, यांच्यामध्ये किती काळ गेला? त्यावर भूवैज्ञानिकांचंच एकमत नाही.