भाव करावा, पण खरे बोलून

गायनवृंदासाठी नवी गिटार घ्यायला आम्ही मुंबईला गेलो होतो. एक गिटार वाजवताच मनात भरली. तरीही भाव पाडण्यासाठी आम्ही नाक मुरडले : “आवाज बसका आहे, लाकूडही हलकेच दिसते!” दुकानदाराने हजार रुपये कमी केले. परतीच्या गाडीत आम्ही त्याचीच फुशारकी मारली. नीतिसूत्रांच्या 20व्या अध्यायात नेमके असेच गिऱ्हाईक भेटते!

मग घासाघीस करणे पाप आहे का? नाही. गिटारची मान वाकलेली असेल, तारा फार उंच बसल्या असतील, तर ते दाखवून जरूर कमी मागावे. कव्हर किंवा तारांचा जादा संच मागण्यातही गैर नाही. योग्य किंमत काटेकोर गणिताने ठरत नाही, हे 13व्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनीही मान्य केले आहे. मात्र मोलापेक्षा कमी देऊन घेणे हाही अन्यायच, असे ते बजावतात.

आमची चूक भाव करण्यात नव्हती. चांगल्या वस्तूला खोटा दोष लावण्यात होती. तीच गिटार आता मिस्सामध्ये वाजणार आहे. पुढच्या वेळी आपण सरळ म्हणू या, “गिटार आवडली, पण आमच्याकडे इतकेच पैसे आहेत.” आणि तेही खरे असेल तरच!