बंधन आणि मोकळीक

मोक्ष म्हणजे यच्चयावत बंधनांचा उच्छेद, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की प्रपंचात राहूनही मनुष्य मुक्त असू शकेल काय, असे विचारणेच पुष्कळांना अज्ञानाचे लक्षण वाटते. तथापि ज्या भूमीत एकनाथांसारखा गृहस्थाश्रमी संत होऊन गेला, तेथे तरी या प्रश्नाचा निकाल एकतर्फी लागू नये. बंधन कोणत्या प्रकारचे आहे, याची चौकशी आधी झाली पाहिजे. आणि त्या चौकशीत इमारतींच्या दर्शनी भागावर धातूचे पत्रे बसविणाऱ्या कारागिरांची साक्ष मला मोलाची वाटते.

अ‍ॅल्युमिनियमचा 3 मीटर लांबीचा पत्रा 50 अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो. ही वाढ अडवू पाहणारा स्क्रू एक तर स्वतः तुटतो, नाही तर पत्र्याला फुगवटा आणतो; म्हणून जाणता कारागीर पत्रा एकाच ठिकाणी पक्का जखडतो, बाकीची छिद्रे लांबट ठेवतो आणि तेथील स्क्रू पत्र्याला सरकता येईल इतपतच आवळतो. एकही जागा पक्की नसेल तर पत्रा आपल्या भाराने ढळेल, सर्वच पक्क्या असतील तर तो वाकेल. मनुष्याचेही असेच आहे: त्याची अंतिम निष्ठा एका ठिकाणी अचल असावी, आणि पुत्र, वित्त, मानमरातब यांच्याशी असलेल्या संबंधांत सुखदुःखाच्या चढउताराला वाव असावा. अनासक्तीचा अर्थ मी असाच समजतो.

परंतु अशी तजवीज एकदा केली म्हणजे ती कायमची टिकते, असे मात्र नव्हे. न्यूयॉर्क बंदरातील, 1886 साली लोकार्पण झालेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा जेमतेम 2.4 मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा अभियंता आयफेलने आतील लोखंडी पट्ट्यांना थेट न जखडता, त्या पट्ट्यांवरून वळविलेल्या आणि पत्र्याला रिव्हेट केलेल्या तांब्याच्या पकडींनी असा धरला होता की दोन्ही धातूंना हलण्यास अवकाश राहावा. दोहोंमध्ये लाखेत भिजविलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचा थरही होता. तो थर झिजला, ओल शिरली, तांब्याच्या सान्निध्यात लोखंड झपाट्याने गंजले आणि फुगलेल्या गंजाने पकडी घट्ट होऊन रिव्हेट उपटू लागले. अखेर 1986 पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसविल्या गेल्या आणि मध्ये टेफ्लॉनचा थर आला.

तेव्हा सैल राखलेले बंधनही दुर्लक्षाने आपोआप आवळले जाते. ममत्व, मत्सर, मानाची भूक यांचा गंज असाच नकळत चढतो. आणि म्हणूनच नित्यकर्म, नामस्मरण, आत्मपरीक्षण ही पुण्यसंचयाची साधने मानण्यापेक्षा त्या गंजाची रोजची तपासणी मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते. संसार सोडणाऱ्यालाही ती चुकत नाही. संसारात राहणाऱ्याने तर एक दिवसही तिचा खाडा करू नये.