शिंगांचा खडखडाट

एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक हरिण आहे. पारध्याच्या गाण्याला ते भुलले नि सापडले, म्हणून गुरू झाले. तेथेच हरिणीच्या पोटी आलेल्या ऋष्यशृंगाचा दाखला आहे. नावातच शिंग असलेला हा ऋषी, तोही गाण्यानेच फसला. तेव्हा कानाला गोड विषय घातक, हे आम्ही कीर्तनकार नेहमी सांगतो. पण कडू नादानेही हरिण मरते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

अमेरिकेत टेक्सास नावाचे राज्य आहे. तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे फार, आणि कायद्याने नेमून दिलेल्या दिवसांत त्यांची शिकार चालते. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने तिला बंदी आली, हे बरेच झाले.) या जातीच्या नराची शिंगे आपल्या सांबर-चितळांसारखी दरसाल गळून पडतात व पुन्हा नवी फुटतात, बैलाची वा काळविटाची तशी गळत नाहीत. पारधी काय करतो, तर अशी गळालेली शिंगांची जोडी रानातून उचलून आणतो. हरणे माजावर आली म्हणजे झुडपाआड बसतो आणि ती शिंगे एकमेकांवर आपटतो, घासतो, पिरगाळतो. मधेच फांद्या मोडतो, जमीन बडवतो. दूरच्या नराला वाटते, दोघांची झुंज जुंपली! वास्तविक तेथे ना हा ना तो.

येथे शंका अशी की, भांडण दुसऱ्यांचे, मग हा का धावतो? जवळपास मादी असेल, हा काम एक. आणि माझ्या रानात हे उपटसुंभ कोण, ही अहंता दुसरी. त्या दिवसांत चरणे सुटून नराच्या वजनाचा पाचवा हिस्साही झडतो, पण झुंजीची खुमखुमी सुटत नाही. खरोखरीच्या झुंजीत केव्हा केव्हा दोघांची शिंगे अशी गुंततात की निघता निघत नाहीत, आणि दोघेही उपाशी मरतात. आता यांत जिंकला कोण म्हणावे?

टेक्सासातच १९९२ ते १९९५ या काळात संशोधकांनी याची परीक्षा घेतली. १७१ वेळा शिंगे वाजवून पाहिली, तेव्हा १११ नर आले. आणि हळू वाजवण्यापेक्षा जोराने वाजवले तेव्हा पुष्कळच अधिक आले. हे वाचले नि आम्हाला गावचा पार आठवला. तेथे कोणी हळू बोलला तर कोण थांबतो? आवाज चढला की हातचा चहा टाकून माणसे धावतात. दिंडीत पुढे कोण, वीणा कोणाच्या गळ्यात, मागल्या वारीत कोण कोणाला काय बोलला! अहो, ते शिंग मागल्या वर्षीच गळाले ना? हरणाने टाकले ते त्याने पुन्हा डोक्यावर घेतले नाही. उचलून वाजवणारा निराळाच असतो. त्याचे कोणाशीच वैर नसते, हे ध्यानात घ्या. त्याला मांस हवे असते.

असो. सगळेच नर सरळ धावत येत नाहीत. पुष्कळसे वळसा घेतात, वारा जिकडे वाहतो त्या अंगाला जाऊन उभे राहतात आणि कानाने ऐकलेले नाकाला विचारतात. तेथे माणसाचा वास लागला की आल्या पावली माघारी. कोणी येऊन गेले याचा पारध्याला कित्येकदा पत्ताही नसतो. तो बसतो शिंगे आपटीत.