दुःखाची उजळणी

विद्या कंठस्थ करावी कीं हृदयस्थ करावी, हा आपल्या समाजांतला फार जुना वाद आहे. पाठांतराची आपण जितकी पूजा केली तितकीच थट्टाहि केली. व्याकरण किंवा ज्योतिष यांच्या बाबतींत हा वाद पंडितांपुरता राहिला तरी चालतें. सूत्रें घोकणारा वैयाकरण चुकला तर शब्दांवांचून कोणास इजा होत नाहीं. परंतु जेथें घोकण्याचा विषयच दुसऱ्याचें दुःख हा असतो, तेथें काय म्हणावें? आमच्या परिचयाच्या एक तरुण डॉक्टर मानसवैद्यकांतील एम्. डी. च्या परीक्षेची उजळणी करण्यासाठीं मध्यंतरीं परभणीस आपल्या घरीं येऊन राहिल्या होत्या. त्यांच्या टिपणवह्या चाळण्याचा योग आला, आणि उत्तरपत्रिका तपासण्यांत निम्में आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या मास्तरास हा प्रश्न नव्यानें पडला.

एका पानावर विषादरोगाचीं नऊ लक्षणें लिहिलेलीं होतीं. त्यांपैकीं पांच हवींत, तीं निदान दोन आठवडे टिकलेलीं हवींत, आणि मनाची उदासी किंवा कशांतहि गोडी न वाटणें यांपैकीं एक तरी त्यांत हवेंच. पुढच्या पानावर आत्मघाताच्या धोक्याच्या खुणा, तांबड्या शाईनें अधोरेखित केलेल्या. लक्षणांचीं आद्याक्षरें जुळवून एक निरर्थक शब्दहि केलेला होता, म्हणजे परीक्षेच्या घाईंत एखादें लक्षण निसटूं नये. डॉक्टरीणबाईंच्या आजी शेजारीं शेंगा सोलीत बसल्या होत्या. नातीचें घोकणें ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, माणसाचं रडणं का असं मोजून पाठ करतात?"

आजींचा हा आक्षेप कोणासहि प्रथमदर्शनीं पटेल. दुःख कळायला अंतःकरण लागतें, यादी नव्हे, असें आपण सारेच म्हणतों. आम्हांस मात्र हें मत मान्य नाहीं. सहृदयता ही मोठी पक्षपाती असते; ती आपल्या ओळखीच्या दुःखाकडे आधीं धांवते. जो रडतो त्याचें दुःख कळतें. जो चिडतो, दारूकडे वळतो, किंवा 'पाठ दुखते, हातापायांना मुंग्या येतात' म्हणत वर्षभर गोळ्या घेत फिरतो, त्याचें दुःख चांगल्या सहृदय माणसाच्याहि ध्यानांत येत नाहीं. यादी आहे ती त्याच्यासाठीं. शिवाय केवळ व्यासंगी माणसांच्या अंतर्ज्ञानावर विसंबल्यास काय होतें, याचा दाखला ह्या शास्त्राच्या इतिहासांतच आहे. न्यूयॉर्कमधील आणि लंडनमधील मानसवैद्यांच्या निदानांची तुलना करून १९७२ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कचे डॉक्टर छिन्नमनस्कतेचें निदान लंडनच्या डॉक्टरांपेक्षां कितीतरी अधिक वेळां करीत असत. पण एकाच ठराविक पद्धतीनें रुग्ण तपासले तेव्हां तो फरक बव्हंशीं नाहींसा झाला. म्हणजे रोग समुद्र ओलांडतांना बदलत नव्हता. डॉक्टर बदलत होते. १९८० सालीं अमेरिकेच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तींत मोजून घेण्याच्या कसोट्या आल्या, त्यामागें असली लज्जा होती.

आणखी एक उदाहरण घेऊं. उन्माद आणि विषाद यांच्या आवर्तनांत सांपडलेल्या रोग्यास लिथियम देतात. रक्तांत त्याचें प्रमाण लिटरमागें साधारण ०.६ ते १.० मिलिमोल असलें तर तें तारतें, १.५ च्या वर गेलें कीं विषबाधेचें भय. शरीरांतलें पाणी व मीठ कमी झालें कीं हें प्रमाण चढतें, आणि अंगदुखीवरच्या कित्येक नेहमींच्या गोळ्यांनींहि चढतें. आतां आमच्या जिल्ह्यांतला वैशाख डोळ्यांपुढें आणा. पारा बेचाळीस अंशांपलीकडे, पालम किंवा सोनपेठकडचा मजूर दिवसभर रानांत घाम गाळतो, संध्याकाळीं अंग ठणकतें म्हणून दुकानांतून एक गोळी आणतो. ही गोष्ट त्याला आधीं सांगून ठेवणें ज्या डॉक्टरास सुचलें नाहीं, तो कितीहि कनवाळू असला तरी त्याचा कनवाळूपणा त्या मजुराच्या काय कामाचा? दारूनें पोखरलेल्या माणसाला ग्लुकोज चढवितांना आधीं थायमिन द्यावें, हीहि अशीच एक पाठ करण्याची ओळ. ती विसरणाऱ्याच्या हातून माणसाची स्मरणशक्ति कायमची जाऊं शकते. अशा ठिकाणीं विस्मरण हा नुसता बुद्धीचा दोष राहत नाहीं. तो शीलाचा दोष होतो.

येथवर पाठांतराची बाजू झाली. पण त्याच वहींत पुढें रुग्णाची मानसिक अवस्था तपासण्याची प्रश्नावली होती, आणि तेथें आमचा उत्साह थोडा ओसरला. आजची तारीख काय? शंभरांतून सात वजा करीत जा. पत्ता लिहिलेलें, तिकीट लावलेलें पाकीट रस्त्यांत सांपडलें तर काय कराल? अमुक म्हणीचा अर्थ सांगा. प्रश्न दिसण्यांत निरुपद्रवी आहेत. परंतु गंगाखेडची एखादी म्हातारी तारखेच्या प्रश्नाला 'आज वद्य एकादशी' असें उत्तर देईल, आणि तें अचूक असेल. तारीख न सांगितल्याबद्दल तिला कालभान नाहीं अशी नोंद करणारा विद्यार्थी पुस्तकाशीं इमानी ठरेल, सत्याशीं नाहीं. ऐंशीच्या पुढचे आमच्याकडचे कित्येक गृहस्थ १९४८ पूर्वींच्या निजामी राजवटींत उर्दूंत अक्षरें गिरवून आले. त्यांच्यापुढें इंग्रजी म्हणीचें शब्दशः भाषांतर ठेवलें तर ते गोंधळतील यांत नवल काय? 'नाचतां येईना अंगण वांकडें' ही म्हण विचारा आणि पाहा. वांकड्या अंगणाचा प्रसंग ज्याच्या संसारांत रोज येतो, तो तिचा अर्थ आमच्यापेक्षां चांगला सांगेल.

सर्वांत अवघड शब्द मात्र वहींत नव्हताच. आमच्या जिल्ह्यांत कपाशीवर फवारायच्या विषाला 'औषध' म्हणतात. 'त्यानें औषध घेतलें' या वाक्याचा अर्थ शहरांत एक आणि आमच्या खेड्यांत, विशेषतः पावसानें दगा दिलेल्या वर्षीं, अगदीं दुसराच. बाहेरून आलेला डॉक्टर शेतकऱ्यास विचारतो, 'यापूर्वीं कधीं औषध घेतलें होतें का?' आणि तो मान खालीं घालून 'एकदां घेतलें होतें' म्हणतो. डॉक्टर कागदावर लिहितो: पूर्वीं उपचार झालेले. एवढ्या एका शब्दावर एका जीवाचें वर्तमान उलटें होऊं शकतें, आणि कोणत्याहि परदेशी ग्रंथांत तो शब्द सांपडणार नाहीं. तो कळतो गांवांतल्याच माणसाला. शासनानें २०१५ सालीं मराठवाडा व विदर्भ यांतील चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीं प्रेरणा प्रकल्प सुरू केला, आणि त्यांत आशाताईंना घरोघर पाठविण्याची योजना ठेवली, ती यामुळेंच आम्हांस शहाणपणाची वाटते. गोव्यांत 'संगाथ' या संस्थेनें तर वैद्यकाची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांस शिकवून समुपदेशक केलें; त्यांच्या मदतीनें सरकारी आरोग्यकेंद्रांतले रुग्ण अधिक संख्येनें बरे झाल्याचें २०१० सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें. पदवीधरांनीं यामुळें रुसूं नये. राज्यांतलीं ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी हीं चार जुनीं मनोरुग्णालयें. त्यांतलें एकहि मराठवाड्यांत नाहीं, तेव्हां येथें काम सर्वांना पुरून उरेल.

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञानें, जो मुळांत मानसवैद्य होता, १९१३ सालच्या आपल्या ग्रंथांत दोन गोष्टी वेगळ्या केल्या: मनोव्यापाराचें कारण सांगणें निराळें, आणि तो समजून घेणें निराळें. लिथियम पहिल्या प्रांतांतलें, 'औषध' हा शब्द दुसऱ्या प्रांतांतला. परीक्षेंत पहिल्याचे गुण मोजतां येतात. दुसऱ्याचे मोजणें कठीण, म्हणून विद्यार्थी पहिल्याची उजळणी करतो आणि दुसरें अनुभवावर सोपवितो. यांत त्याचा दोष थोडा आहे.

पण पहिल्या प्रांतांतलेंहि ज्ञान आपण समजतों तितकें स्थिर नसतें. नवरा वारल्यावर महिनाभर जिला अन्न गोड लागत नाहीं, झोंप येत नाहीं, जगणें नकोसें वाटतें, तिला विषादरोग म्हणावें काय? १९९४ च्या अमेरिकन ग्रंथाप्रमाणें, कांहीं गंभीर लक्षणें वगळतां, दोन महिने तरी तिला शोक करूं द्यावयाचा होता. २०१३ च्या आवृत्तींत ही सूट काढून टाकली. म्हणजे २०१२ सालीं उत्तीर्ण झालेला आणि २०१४ सालीं उत्तीर्ण झालेला असे दोन डॉक्टर एकाच विधवेबद्दल दोन उत्तरें पाठ करून आले. बाई तीच, अश्रु तेच. समलिंगी आकर्षणास रोग म्हणणारें पान अमेरिकेंत १९७३ सालीं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादींतून १९९० सालीं फाटलें; तत्पूर्वींच्या किती हुशार विद्यार्थ्यांनीं तें पान पाठ करून बक्षिसें मिळविलीं असतील! आत्महत्येचा प्रयत्न हा १८६० च्या दंडसंहितेनें गुन्हा ठरविला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरावयास लाविलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेंत तें जुनें कलम त्या रूपांत उरलें नाहीं. 'चुकून प्यालो' असें डॉक्टरास सांगण्याची संवय मात्र खेड्यांतून अजून गेलेली नाहीं. लोकांचीहि उजळणी राहून जाते. जो डॉक्टर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं वह्या रद्दींत घालतो, तो वीस वर्षांनीं मेलेल्या ज्ञानावर जिवंत माणसें तपासूं लागतो, आणि तेंहि पूर्ण आत्मविश्वासानें.

राहतां राहिला परीक्षेंतला रुग्ण. या परीक्षेंत 'लाँग केस' नांवाचा एक भाग असतो. रुग्णापाशीं बसून विद्यार्थी त्याची सारी कहाणी काढून घेतो, आणि मग परीक्षकांपुढें ती मांडतो. विलायतेंतील रॉयल कॉलेजच्या प्रत्यक्ष परीक्षेंत सोळा ठिकाणीं रुग्णांचें सोंग घेणारे नट बसवितात. त्यांत थोडा कृत्रिमपणा येतो खरा, पण नटाच्या घरीं कोणी मेलेलें नसतें. आमच्याकडे बसतो तो खरा दुःखी मनुष्य, आणि त्याला आपली गोष्ट परक्याच्या गुणांसाठीं पुन्हां एकदां सांगावी लागते. वरील कायद्यानेंच प्रत्येकास, तो मनोरुग्ण असला तरी, आपल्या उपचाराविषयीं निर्णय घेण्याची क्षमता आहे असें आधीं मानावयास सांगितलें आहे. तर मग त्याची संमति नुसत्या मानेच्या हालचालीवर घेऊं नये, आणि शेवटीं परीक्षकांनीं त्यालाहि एक प्रश्न विचारावा: 'तुमचें म्हणणें या डॉक्टरांना कळलें असें तुम्हांस वाटलें काय?' भ्रमिष्टाच्या साक्षीवर गुण कसे द्यावे, असें कोणी म्हणेल. परंतु आपलें ऐकून घेतलें कीं नाहीं हें भ्रमिष्टालाहि बहुधा कळतें. आणि आम्ही तरी सगळे गुण त्यावर ठेवा असें कोठें म्हणतों? शंभरांत पांच पुरेत.